नवीन गाडी घेताना 'इनिशियल क्वालिटी' रँकिंग किती मनावर घ्यायचं?

नाशिककर_चारचाकी

नमस्कार मंडळी. पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची आहे, ऑन-रोड १३ ते १४ लाखांपर्यंत. रोज गावातल्या गावात ८-१० किमी आणि महिन्यातून दोनदा कसारा घाटातून मुंबई, म्हणजे महिन्याचे साधारण ९०० किमी. गाडी किमान ८ वर्षं ठेवायची आहे.

दोन मॉडेलं शिल्लक राहिलीत. किंमत, जागा, मायलेज सगळं उन्नीस-बीस. एकीच्या शोरूममध्ये 'सुरुवातीच्या गुणवत्तेत सेगमेंटमध्ये पहिली' असा मोठा फलक लावलाय. दुसरी त्याच यादीत बरीच खाली आहे. दोघींत ३० गुणांचा फरक.

हे गुण नेमकं काय मोजतात? ३० म्हणजे फार की किरकोळ? आणि याला महत्त्व द्यायचं नसेल तर बुकिंगआधी बघायचं काय? 'टेस्ट ड्राइव्ह घ्या आणि मनाचा कौल घ्या' सोडून काहीही सांगा.

---

त्रैराशिक

आधी एक गोष्ट: ते 'गुण' नाहीत, तक्रारी आहेत. त्यामुळे आकडा जितका कमी तितकं चांगलं.

या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा अभ्यास जे. डी. पॉवर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचा. अमेरिकेत तो १९८७ पासून चालू आहे. गाडी घेऊन ९० दिवस झालेल्या मालकांना लांबलचक प्रश्नावली देतात आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या ते मोजतात. त्याला पीपी१०० म्हणतात. भारतातल्या आवृत्तीत ९० दिवसांऐवजी खरेदीनंतर २ ते ६ महिन्यांतल्या मालकांना विचारलं गेलं. म्हणजे मोजमाप कसलं, तर नव्या नवरीच्या पहिल्या काही महिन्यांचं. तुमची गाडी ८ वर्षं नांदायची आहे.

आता तुमचे ३०. समजा एक गाडी १६० आणि दुसरी १९०. प्रत्येक गाडीमागे १.६ आणि १.९ तक्रारी. दहा-दहा गाड्या शेजारी उभ्या केल्या तर इकडे १६ आणि तिकडे १९. फलकावर 'पहिली' आणि 'अकरावी' लिहिलं की डोळ्यांसमोर जी दरी उभी राहते ती एवढीशी असते.

त्यातही किती मालकांनी उत्तरं दिली ते बघा. एका मॉडेलचे १०० मालक असतील आणि सरासरी १७० च्या आसपास आली, तर नुसत्या योगायोगाने ती २५ वर-खाली होऊ शकते. दोन मॉडेलांची तुलना करताना ही ढिलाई आणखी वाढते, साधारण ३५ पर्यंत जाते. मग तुमचे ३० त्यातच बुडाले. मालक ४०० असतील तर ढिलाई १८ च्या आसपास येते आणि मग ३० ला काही अर्थ उरतो. हा हिशोबही उदार धरलाय, कारण तक्रारी सारख्या वाटलेल्या नसतात. एकाच गाडीत सात आणि शेजारच्या चार गाड्यांत शून्य असं होतं, आणि त्याने अनिश्चितता अजून वाढते. फलकाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात किती प्रतिसाद आणि कोणतं वर्ष ते लिहिलेलं असतं. ते आधी वाचा. जुने फलक उतरवायची घाई कुठल्याच शोरूमला नसते.

तिसरी भानगड वजनाची. ब्लूटूथ जोडलं जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बंद पडला हीसुद्धा एकच. २००६ साली या अभ्यासात 'बिघाड' आणि 'रचना आवडली नाही' असे दोन भाग वेगळे काढले, कारण त्याआधी सगळी मिसळ होती. २००३ मध्ये हमर ही लष्करी धाटणीची अवाढव्य एसयूव्ही यादीत शेवटची आली होती, २२५ वर, आणि मालकांची मोठी तक्रार होती की गाडी पेट्रोल फार पिते. हमर घेऊन! २०२४ पासून अमेरिकेतल्या अभ्यासात पहिल्या ९० दिवसांत वर्कशॉपमध्ये गेलेल्या दुरुस्त्यांची नोंदही धरायला लागले, ती मात्र चांगली सुधारणा.

पैशाचंही सांगून ठेवतो. अभ्यास ती संस्था स्वखर्चाने करते, नंतर तपशील गाडी कंपन्यांना विकते, आणि बक्षिसाचा उल्लेख जाहिरातीत करायचा तर कंपनीला परवान्याचे पैसे भरावे लागतात. यात लबाडी नाही. पण सेगमेंट जितके जास्त तितके पहिले नंबर जास्त, एवढं लक्षात असू द्या.

---

बारातेराचा_पाना

वरच्या हिशोबात मी वर्कशॉपची बाजू घालतो.

पहिल्या ५,००० किमीत येणाऱ्या तक्रारी साधारण ठरलेल्या: डॅशबोर्डची किरकिर, दरवाजाचं बीडिंग नीट न बसणं, अलाइनमेंट, स्क्रीन हँग होणं, रिव्हर्स कॅमेरा उशिरा लागणं. सगळं वॉरंटीत, बहुतेक वेळा एका सॉफ्टवेअर अपडेटमध्ये किंवा फोमच्या पट्टीत मिटणारं. रँकिंग मोजतं ते हेच.

खिसा रिकामा करणारी कामं ४०,००० ते ८०,००० च्या मध्ये सुरू होतात. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग, एसी कंडेन्सरची गळती, क्लच. यातलं एकही ९० दिवसांच्या प्रश्नावलीत दिसायचं नाही. उदाहरण घ्या. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये १ लाख ८१ हजारांहून जास्त पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला परत बोलावल्या. त्या गाड्या मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या. म्हणजे त्यातल्या सगळ्यात जुन्या गाड्या तीन वर्षांहून जास्त रस्त्यावर होत्या. सुरुवातीच्या गुणवत्तेचा कुठलाही तक्ता हे आधी सांगू शकला नसता.

तुमच्या वापरासाठी रँकिंगपेक्षा गिअरबॉक्स मोठा प्रश्न आहे. मॅन्युअल घेताय की ऑटोमॅटिक, ते लिहिलं नाहीत.

ड्राय क्लच असलेला ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लच आलटून-पालटून वापरणारा ऑटोमॅटिक) रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. क्लच अर्धवट पकडलेला राहतो, त्याला थंड करायला तेल नसतं, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते. घाटात ट्रॅफिक अडकला आणि चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर हेच दहा मिनिटांत घडतं. एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअरचं काम यंत्र करतं) अ‍ॅक्चुएटर आणि क्लच दोन्हीवर लक्ष ठेवावं लागतं. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) पेट्रोल थोडं जास्त घेतो पण घाट आणि ट्रॅफिक निमूट सोसतो, फक्त 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर विश्वास न ठेवता ६०,००० च्या आसपास तेल बदलून घ्या. सीव्हीटीचंही (गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) तसंच, तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच.

इंजिन डायरेक्ट इंजेक्शन टर्बो असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, आणि रोज ८-१० किमीच्या वापरात त्यांच्यावर कार्बन बसत जातो. पोर्ट इंजेक्शनमध्ये हा त्रास नाही. टायमिंग चेन आहे की बेल्ट तेही विचारा. बेल्ट असेल तर किती किमीला बदलायचा आणि खर्च किती, हे लेखी घ्या.

डिझेलचा विचार सोडलात ते बरं केलंत. रोजचे ८-१० किमी म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सतत चोंदणार. तो जळून साफ व्हायला गाडी सलग १५-२० मिनिटं ५०-६० च्या वर चालावी लागते. ती चालली नाही, प्रक्रिया अर्धवट तुटत राहिली, की इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी चक्क वाढलेली दिसते. असा मालक सर्वेक्षणात 'इंजिन खराब' लिहितो. गाडी ठीकच असते, फक्त वापराशी तिचं जमलेलं नसतं.

आणखी एक काम करा. दोन्ही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जाऊन पाच भावांची चौकशी करा: क्लच सेट, एक एलईडी हेडलॅम्प, पुढचा बंपर, इन्फोटेनमेंट स्क्रीन, एसी कॉम्प्रेसर. आणि भाग स्टॉकमध्ये आहे की ऑर्डर टाकावी लागते तेही. बंपरला तीन आठवडे लागत असतील तर यादीतला पहिला नंबर धुऊन प्यायचा का?

---

एमआयएस_तीन

दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण रँकिंग पार कचऱ्यात टाकायलाही मी तयार नाही.

कारखान्यात आत काय मोजतात ते सांगतो. गाडी विकल्यावर ३ महिने, १२ महिने, ३६ महिने सेवेत असताना दर हजार गाड्यांमागे वॉरंटीत किती दुरुस्त्या आल्या, हे आकडे. बोलीभाषेत '३ एमआयएस', '१२ एमआयएस' (मंथ्स इन सर्व्हिस). हे खरं सोनं, आणि ते बाहेर कुणालाच मिळत नाही. बाहेरचं सर्वेक्षण म्हणजे त्या ३ एमआयएसची पुसट सावली. पुसट असली तरी सावली त्याच वस्तूची आहे.

गळके दरवाजे, चुकीच्या टॉर्कने आवळलेले बोल्ट, नीट न बसलेले वायरिंगचे कनेक्टर, या गोष्टी पहिल्या तीन महिन्यांत दिसतात आणि त्या लाइनवरच्या शिस्तीशी जोडलेल्या असतात. म्हणून एकाच वर्षाचा नंबर बघू नका. तीन-चार वर्षं सलग जो ब्रँड तळाला आहे, त्याच्याकडे पुरवठादारावरचं नियंत्रण सैल आहे किंवा मॉडेल घाईने बाजारात येतात, असं धरून चाला. पाचव्या आणि नवव्या नंबरात मात्र डोकं घालू नका.

आणि मिळालाच तर एकूण आकड्याऐवजी प्रकारवार आकडा बघा. १९० पैकी ६० स्क्रीन आणि ऑडिओचे असतील तर तुम्ही फोन लावून गाणी ऐकणार एवढंच, सोडून द्या. इंजिन-ट्रान्समिशनचा आकडा सेगमेंटच्या सरासरीच्या दीडपट असेल तर थांबा.

वेळेचाही मुद्दा आहे. यादीत दिसते ती मागच्या वर्षी बनलेली गाडी. मध्ये फेसलिफ्ट झाला, स्क्रीनचा पुरवठादार बदलला, नवं इंजिन आलं, की जुना आकडा लागू नाही. उलट अगदी नवं मॉडेल असेल तर लाइन सुरू झाल्यापासूनचे पहिले पाच-सहा महिने सोडून द्या. त्या काळात दुरुस्तीचे बदल जवळजवळ दर आठवड्याला लाइनवर येत असतात. अमेरिकेतल्या यादीत अमुक ब्रँड वर आहे म्हणून चाकणला किंवा सानंदला बनलेली गाडी वर असेल असंही नाही. तिथली मॉडेलं वेगळी, सुटे भाग पुरवणारे वेगळे.

---

नेकारकाठची_गाडी

जर्मनीतली एक भर. इथे मतं विचारून केलेल्या याद्यांपेक्षा दोन वेगळ्या गोष्टींचा दबदबा जास्त. एक, टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थांचा अहवाल. गाडी तीन वर्षांची झाली की सक्तीची तपासणी, नंतर दर दोन वर्षांनी, आणि त्यात किती टक्के गाड्यांत गंभीर दोष निघाले याची वयानुसार यादी. दुसरी, एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबची रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी.

दोन्ही ठोस, तरी दोन्ही वेगवेगळंच सांगतात. टीयूव्हीच्या २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ शेवटची आली, १४.७ टक्के दोषांसह. कारणं प्रामुख्याने सस्पेन्शन, दिवे आणि ब्रेक. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरकडूनच करून घेते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क वापराविना गंजतात. शिवाय नियमित सर्व्हिसिंग नसल्याने तपासणीआधी कुणी खाली डोकावलेलं नसतं. एडीएसीकडे गाडी बंद पडण्याचं पहिलं कारण वर्षानुवर्षं साधी १२ व्होल्टची बॅटरी, ४० टक्क्यांहून जास्त. ते टीयूव्हीला दिसतही नाही.

तेव्हा कुठलीही यादी हातात आली की आधी विचारायचं: गाडीचं वय किती, आणि दोष कुणी नोंदवला? मालकाने, तपासनीसाने, की टोइंगवाल्याने?

---

नाशिककर_चारचाकी

सर्वांचे आभार. फलकाचा फोटो मोठा करून वाचला. वर्ष दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे फेसलिफ्टच्या आधीचं. प्रतिसादांची संख्या सगळ्या मॉडेलांची मिळून दिलीय, या मॉडेलची वेगळी नाही. गिअरबॉक्स: टॉर्क कन्व्हर्टर एकीलाच मिळतो, आणि ती फलकवाली नाही. त्यामुळे निर्णय जवळजवळ झालाच.

आता पीडीआयचं (गाडी ताब्यात घेण्याआधीच्या तपासणीचं) सांगा. कधी करायचं आणि काय-काय न्यायचं?

---

यार्डातली_धूळ

कधी, याला सगळ्यात जास्त महत्त्व. रजिस्ट्रेशनच्या आधी, टॅक्स आणि विमा भरण्याच्याही आधी. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के एकरकमी कर लागतो. तो एका चासी नंबरवर चढला की 'ही नको, दुसरी द्या' म्हणायची सोय राहत नाही. बुकिंग करतानाच ईमेलवर लिहून घ्या: चासी नंबर दिल्यावर पीडीआय, पीडीआय पसंत पडल्यावर उरलेली रक्कम. लेखी द्यायला जो डीलर का-कू करतो, त्याच्याकडे जायचंच कशाला?

सोबत न्यायचं: टॉर्च, मल्टिमीटर, रंगाची जाडी मोजणारा गेज (डिटेलिंगवाल्यांकडे भाड्याने किंवा ओळखीने मिळतो), ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा), टिश्यू पेपर. जायचं सकाळी १० च्या सुमारास, उन्हात. ट्यूबलाइटखाली रंग बघण्यात अर्थ नाही. गाडी साध्या पाण्याने धुतलेली चालेल. पॉलिश किंवा कोटिंग करू देऊ नका, ओरखडे त्याखाली लपतात.

चासी नंबर १७ अक्षरांचा. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. महिन्याचं अक्षर प्रत्येक कंपनीत वेगळ्या जागी, त्यामुळे नेटवरच्या तक्त्यावर भांडू नका, फॉर्म २१ वर (विक्रीच्या दाखल्यावर) छापलेला उत्पादनाचा महिना मागा. तीन महिन्यांपर्यंत ठीक. सहाच्या पुढे असेल तर सूट मागा किंवा दुसरी गाडी.

रंग. आधी छतावर गेज लावा, कारण छताला सहसा कुणी हात लावत नाही, तोच तुमचा आधार. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन. मग प्रत्येक दरवाजा, फेंडर, बॉनेट, डिकी, चार-चार ठिकाणी. सगळीकडे ११० आणि डाव्या मागच्या दरवाजावर २३० आलं तर तो दरवाजा पुन्हा रंगवलाय, विषय संपला. प्लॅस्टिक बंपरवर गेज चालत नाही, तिथे बोटाने कडा चाचपा. फेंडरच्या आणि बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला दिसला तर भाग खोललेला आहे. सगळ्या काचांवर एकच मेक आणि जवळपासची तारीख हवी.

टायरवर चार अंकी कोड: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. स्टेपनीसकट पाचही जवळपासचे असावेत. वाहतुकीसाठी टायरमध्ये ४० पीएसआयच्या वर हवा भरलेली असते आणि बऱ्याचदा तशीच राहते. ती दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबाला आणा, नाहीतर घरी जाईपर्यंत 'सस्पेन्शन कडक आहे' अशी तुमचीही एक तक्रार सर्वेक्षणात जमा.

बॅटरी इंजिन चालू करायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट उत्तम, १२.४ चालेल. १२.२ च्या खाली असेल तर ती यार्डात उभी राहून रिकामी झालीय, आत सल्फेट बसायला लागलं असणार, बदलून मागा. आधीच चालू करून ठेवलेल्या गाडीवर १३ च्या आसपास दिसतं, त्याला भुलू नका. म्हणूनच बॉनेटला हात लावून बघायचा: गरम असेल तर कुणीतरी तुमच्या आधी चालू केलीय. थंड इंजिनचा पहिल्या ३० सेकंदांचा आवाज ऐकायलाच मिळाला पाहिजे.

बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा. शेताला लागून असलेल्या यार्डांत, पावसाळ्यात विशेष. त्याची दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. स्कॅनर लावून साठलेले कोड वाचा. 'यू'ने सुरू होणारे संपर्काचे किंवा कमी व्होल्टेजचे कोड बॅटरी उतरल्याने येतात, पुसून पुन्हा येत नसतील तर सोडा. एअरबॅगचा कोड असेल तर गाडी घेऊ नका.

पाणी. दरवाजांची बीडिंगं आणि सनरूफवर पाच मिनिटं पाइपने पाणी मारायला सांगा. मग पायांखालच्या कार्पेटवर आणि स्टेपनीच्या खळग्यात टिश्यू दाबा. टिश्यू ओला निघाला तर गाडी परत. हे एक काम नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि जूनमध्ये वास यायला लागला की शोधत बसतात.

ओडोमीटर ५० च्या आत असावा. १०० च्या पुढे असेल तर डिस्प्ले किंवा टेस्ट ड्राइव्हची गाडी तर नाही ना, हे सरळ विचारा. बाकी काचा, दिवे, यूएसबी, दोन चाव्या, जॅक, पाना, हे तुम्हाला सांगायला नको.

---

जॉबकार्ड_जपा

पीडीआयनंतरचं थोडक्यात. तक्रार आली की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉबकार्डवर 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. तसं लिहू देऊ नका. 'थंड इंजिन, ताशी ३०-४०, खराब रस्ता, पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत जवळ ठेवा. गाडी परत घेताना 'तक्रार कायम' असेल तर तसं लिहूनच सही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. उत्पादनातला दोष सिद्ध करायला बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आधी हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, काही कंपन्या तेवढ्याने हलतात.

रिकॉलची तपासणी कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून दर सहा महिन्यांनी करत जा. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं. पण पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावर जाणार नाही याची हमी कुणी घेत नाही.

---

यार्डातली_धूळ

वर राहून गेलं: टायरचा तारखेचा कोड एकाच बाजूवर असतो. बाहेरून दिसला नाही तर तो आतल्या बाजूला आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचे वाचता येतात, मागच्यांसाठी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. लिफ्टवर आहेच तर खालचा पत्राही बघून घ्या. ट्रेलरवरून उतरवताना तो घासलेला असतो.